दादींची बोली आणि हैदराबादचे चार दिवस

यंदा थंडीच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब हैदराबादला जाऊन आलो. आम्ही दोघे, दोन मुले आणि अम्मी. सोलापूरहून हैदराबाद म्हणजे काही फार लांबचा प्रवास नव्हे. तरी वयाची सत्तरी ओलांडेपर्यंत अम्मींनी हे शहर पाहिलेले नव्हते. त्यांचे माहेर नळदुर्गचे. नळदुर्ग पूर्वी निजामाच्या राज्यात होते आणि सोलापूर इंग्रजी मुलखात. अम्मींचे वडील, ज्यांना त्या बावा म्हणत, तरुणपणी कचेरीच्या कुठल्याशा कामासाठी एकदा हैदराबादला गेले होते आणि येताना घरी लाखेच्या बांगड्या घेऊन आले होते. अम्मींच्या लहानपणी त्यातली एकच बांगडी शाबूत होती. ती तांबड्या रंगाची होती, आरशाचे बारीक तुकडे लावलेली होती, आणि ईदच्या दिवशी तिला हात लावायची परवानगी मिळायची, एवढे त्यांना आठवते. १९४८ साली निजामाचे राज्य संपले, १९५६ साली मराठवाडा हैदराबादपासून वेगळा झाला. बावा पुन्हा तिकडे गेले नाहीत.

ही हकीकत आम्ही अनेक वर्षे ऐकत आलो होतो. पण 'एकदा अम्मींना घेऊन जाऊ' हे वाक्य प्रत्येक सुट्टीत बोलले जायचे आणि प्रत्येक सुट्टीत मागे पडायचे. यावेळी लेकीनेच तिकिटे काढायला लावली.

आम्ही पडलो शिक्षक. निघण्याआधीच सहलीचे वेळापत्रक तयार झाले. सकाळी नऊ ते अकरा अमुक, अकरा ते एक तमुक. अम्मींनी तो कागद पाहिला आणि विचारले, "इसमें मेरे घुटने काँ लिखे?" मग गाडीत असताना धाकट्याने कसर नमाजविषयी विचारले. प्रवासात चार रकात फर्जच्या दोनच का होतात? आम्ही त्याला समजावून सांगत होतो की अल्लाहने मुसाफिराला ही सवलत दिली आहे. अम्मी मध्येच म्हणाल्या, "अल्लाह सहूलत देरा, और तुम लोगां टाइमटेबल देरे." त्यावर बोलायला काही उरले नाही. कागद पिशवीत गेला तो घरी आल्यावरच बाहेर निघाला. चार दिवसांत आम्ही मोजकीच ठिकाणे पाहिली, पण सावकाश पाहिली. सुट्टी कशी घ्यावी हे कोणी विचारले तर आम्ही आता हेच सांगू की घरातल्या सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाच्या चालीने चालावे.

गाडीत अम्मींनी बांधून आणलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी होती. ती दुपारपर्यंत पुरली. नामपल्लीला उतरून खोलीवर सामान टाकले आणि संध्याकाळी पहिले काम केले ते इराणी चहाचे. या चहाची रीत निराळी आहे. एका भांड्यात चहाचा अर्क दमावर ठेवलेला असतो, दुसऱ्यात दूध आटत असते. कपात आधी अर्क आणि वरून दूध. सोबत उस्मानिया बिस्किट, थोडे गोड आणि थोडे खारट. त्याला शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांचे नाव मिळाले आहे. धाकट्याने त्याच संध्याकाळी ठरवून टाकले की आपण रोज किती बिस्किटे खाल्ली याचा हिशेब तो वहीत ठेवणार.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. नाश्त्याला खिचडी, खीमा आणि खट्टा. मसुराची मोकळी खिचडी, त्यावर सुका खीमा, सोबत तीळ आणि चिंचेचा आंबट पातळ खट्टा, आणि पापड. हैदराबादी घरांत सकाळी हे असे भरभक्कम खाणे चालते. अम्मींनी खट्ट्याचा एक घोट घेतला आणि थांबल्या. "तिल है, इम्ली है," त्या म्हणाल्या, "ये तो अपनाच है." दुपारच्या जेवणात मिरचीचे सालन आले तेव्हाही तेच झाले. शेंगदाणे, तीळ, सुके खोबरे आणि चिंच. आपल्याकडे भरल्या वांग्यात हाच मसाला जातो, आणि इथल्या बघाऱ्या बैंगनातही तोच. आमच्याकडच्या लग्नांतला दालचाही इथे बघाऱ्या भाताबरोबर वाढला जातो. कच्च्या गोश्तची बिर्याणी आम्ही खाल्ली, खुबानीचे मीठे खाल्ले, दोन्ही उत्तम होते. हलीमचा खरा हंगाम रमजानचा, त्यामुळे ते पुढच्या खेपेसाठी ठेवले. पण अम्मींना आनंद झाला तो ओळखीच्या चवी परक्या गावी भेटल्याचा. प्रत्येक घासाला त्या 'अपनाच' म्हणत होत्या, आणि लेक गालातल्या गालात हसत होती.

घरातल्या पुरुषमंडळींनी जुम्म्याची नमाज मक्का मशिदीत अदा केली. सुलतान मुहम्मद कुतुबशाहने या मशिदीचे काम सुरू केले आणि ते पूर्ण झाले औरंगजेबाच्या काळात, १६९४ साली. मधल्या काळात सुलतान बदलले, राज्य गेले, पण मशिदीचे काम पूर्ण झाले. तिथून चार पावलांवर चारमिनार. कुतुबशाही घराण्यातला पाचवा सुलतान मुहम्मद कुली कुतुबशाह याने १५९१ साली हे शहर वसवले आणि त्याच्या मध्यभागी चारमिनार उभा केला. हिजरी सनाला त्या सुमारास १,००० वर्षे पुरी होत होती. वरच्या मजल्यावर मशीद आहे हे मुलांना ठाऊक नव्हते. आम्ही ते सांगू लागलो, पण अम्मींचे लक्ष पलीकडच्या गल्लीकडे होते. तो लाड बाजार. बांगड्यांचा बाजार.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ती सांगण्याआधी एक जुनी गोष्ट कबूल केली पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी एका नात्याच्या बोलणीसाठी पाहुणे आले होते. शिकलेली, अदबशीर माणसे. त्यांची उर्दू अगदी साफ होती. त्यांनी आणलेली मिठाई अम्मींच्या पुढे धरली तेव्हा अम्मी म्हणाल्या, "मेरेकू नक्को, शक्कर की बीमारी है." आम्ही तिथल्या तिथे हसत म्हणालो, "अम्मी, 'मुझे नहीं चाहिए' कहा कीजिए." पाहुणेही हसले. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हते. आमच्याही मनात वाईट नव्हते. वर्गात जे रोज करतो तेच आम्ही घरात केले. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. मुलांच्या निबंधात 'मैंच', 'नक्को', 'कायकू' दिसले की लाल शाईने गोल करायचा, ही हाताची सवय.

त्या दिवसानंतर पाहुणे आले की अम्मी सलाम करायच्या, खैरियत विचारायच्या आणि आत जाऊन बसायच्या. फारच आग्रह झाला तर 'जी हाँ' आणि 'जी नहीं'. वय झाले, आता त्यांना गर्दी सोसत नाही, असा अर्थ आम्ही काढला. खरे सांगायचे तर अर्थही काढला नाही. आम्हाला ते दिसलेच नाही.

तर लाड बाजार. एका लहानशा दुकानात आम्ही शिरलो. मालक वयाने अम्मींच्या बरोबरीचे असावेत. मागे एक कारागीर कोळशाच्या शेगडीवर लाख मऊ करून कड्याला आकार देत होता आणि ती गरम असतानाच एकेक चमकता खडा चिमट्याने बसवत होता. आम्ही शुद्ध उर्दूत विचारले की जनाब, जरा वह सुर्ख चूड़ियाँ दिखाइएगा. मालकांनी अदबीने बांगड्या पुढे ठेवल्या आणि विचारले, "आप लोगां बाहर से आए?" तेवढ्यात अम्मी स्टुलावर बसत म्हणाल्या, "ये नक्को. वो पिछे वालाच दिखाओ, आइने वाला."

मालकांनी अम्मींकडे पाहिले आणि म्हणाले, "हौ अम्मा, देखो ना. आप कौन से मोहल्ले के?"

आम्ही बाहेरचे, आणि त्याच घरातल्या अम्मी मोहल्ल्यातल्या! अम्मींनी सांगितले की त्या सोलापूरच्या, माहेर नळदुर्गचे. मालकांना नळदुर्ग ठाऊक होते. त्यांचे कोणी दूरचे नातेवाईक त्या बाजूचे. मग जी बातचीत सुरू झाली ती अर्धा तास चालली. बावांची बांगडी आली, नळदुर्गचा किल्ला आला, गुडघेदुखी आली, सुनांचे स्वयंपाक आले. 'हौ', 'कायकू', 'वइच', 'बातां', 'लोगां' असे शब्द दोन्हीकडून बिनदिक्कत येत-जात होते. चहा आला. अम्मी मोठ्याने हसत होत्या. इतक्या मोठ्याने त्या शेवटच्या कधी हसल्या होत्या हे आम्हाला आठवेना. बांगड्यांचे दोन जोड घेतले. एक लेकीसाठी आणि एक स्वतःसाठी.

रात्री खोलीवर अम्मी झोपल्यावर लेकीने हळूच विचारले, "इथे तर सगळेच दादीसारखे बोलतात. रिक्षावाले, दुकानदार, हॉटेलातले, मशिदीबाहेरचे. मग सगळ्या शहराच्या वहीत लाल शाई मारायची का?"

चौदा वर्षांच्या मुलीचा प्रश्न. उत्तर आम्हाला ठाऊक होते, हीच तर शरमेची बाब होती. बी.एड.च्या आधी उर्दू साहित्याच्या इतिहासात आम्ही ते शिकलो होतो, परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. चौदाव्या शतकात, मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा, उत्तरेची बोली दख्खनमध्ये आली. सैनिकांबरोबर आली, सूफींबरोबर आली. इथे ती मराठी, तेलुगू आणि कन्नडच्या शेजारात राहिली आणि दक्खिनी झाली. 'नक्को' हा आपल्या मराठीचा 'नको'. 'अपनाच', 'मैंच' यांतला 'च' हा आपल्या 'माझाच', 'मीच' मधला 'च'. दिल्ली-लखनऊकडच्या उर्दूत तिथे 'ही' लागतो. म्हणजे आम्ही मराठीच्या तासाला जो 'च' शिकवत होतो, तोच उर्दूच्या तासाला खोडत होतो.

आणि ही काही केवळ बाजारातली बोली नव्हती. ज्याने चारमिनार बांधला त्या मुहम्मद कुलीने स्वतः दक्खिनीत शायरी केली. ईद, वसंत, पाऊस, या मातीतले सण आणि ऋतू त्याच्या कवितेत आहेत. उर्दूतला पहिला साहिब-ए-दीवान शायर म्हणून त्याचेच नाव घेतात. मुल्ला वजही यांचे 'सबरस' हे गद्य पुस्तक १६३५ सालचे, तेही दक्खिनीतले. पुढे औरंगाबादचे वली १७०० साली दिल्लीला गेले, आणि फारसीत लिहिणाऱ्या तिथल्या शायरांना आपल्या बोलीत लिहिण्याची हिंमत त्यांच्या दीवानामुळे आली. एवढी मोठी वंशावळ असलेल्या बोलीला आम्ही आमच्याच दिवाणखान्यात चूक ठरवले होते.

हे सगळे लेकीला सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "दादीला हे कधी सांगितलेत?"

शनिवारी सालारजंग म्युझियम पाहिले. हे शुक्रवारी बंद असते, जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. तिसरे सालारजंग मीर यूसुफ अली खान यांनी जमवलेल्या वस्तूंचा हा संग्रह १९५१ साली लोकांसाठी खुला झाला आणि १९६८ साली मुसी नदीकाठच्या आजच्या इमारतीत आला. दालने इतकी आहेत की एका दिवसात पाहून होत नाहीत. आम्ही कुरआनच्या जुन्या हस्तलिखितांपाशी बराच वेळ थांबलो. बुरख्याआडचा चेहरा संगमरवरात दाखवणारी रिबेकाची मूर्ती पाहिली. बाकीचा वेळ गेला तो घड्याळापुढे. दर तासाला एक छोटा माणूस दार उघडून बाहेर येतो आणि ठोके देऊन आत जातो. तेवढ्यासाठी शेकडो लोक खुर्च्यांवर बसून राहतात. अम्मींनी दोन तासांचे ठोके पाहिले. मधल्या तासात शेजारच्या तेलुगू बोलणाऱ्या बाईंशी त्यांची दोस्ती झाली. सोलापुरात पद्मशाली शेजाऱ्यांमुळे चार तेलुगू शब्द त्यांना येतात, ते सगळे त्यांनी वापरून घेतले.

परतताना उस्मानिया विद्यापीठाच्या आर्ट्स कॉलेजची भव्य इमारत बाहेरून पाहिली. हे विद्यापीठ १९१८ साली सुरू झाले आणि त्याचे माध्यम उर्दू होते. वैद्यकीय शिक्षणसुद्धा. अम्मींना हे सांगितले तेव्हा त्यांनी आश्चर्याने विचारले, "डाक्टरां भी उर्दू में पढ़े?" मग थोड्या वेळाने, "हमारे बावा को मालूम रहा होगा."

रविवारी गोवळकोंडा. फतेह दरवाजाच्या घुमटाखाली टाळी वाजवली की ती वर बालाहिसारपर्यंत ऐकू जाते, अशी तिथली ख्याती. पायऱ्या अम्मींना झेपणार नव्हत्या. आमच्यातले एक जण त्यांच्यासोबत खाली थांबले आणि बाकीचे वर गेले. ठरल्या वेळी अम्मींनी टाळी वाजवली. वर टाळी ऐकू आली, अगदी स्पष्ट. खाली टाळ्या वाजवणारे अनेक होते, त्यामुळे ती नेमकी कोणाची हे सांगता येणार नाही. पण लेक आणि धाकटा दोघेही छातीठोकपणे म्हणाले, "दादीचीच."

तिथून जवळच कुतुबशाही मकबरे आहेत. मुहम्मद कुलीच्या मकबऱ्यापाशी आम्ही सावलीत बसलो. दुआ-ए-मगफिरत केली. इथे लेकीने आमच्याकडे अशा नजरेने पाहिले की आता टाळणे शक्य नव्हते. आम्ही अम्मींना सांगितले की इथे जो सुलतान दफन आहे तो मोठा शायर होता, आणि त्याची भाषा आजच्या पुस्तकांतल्या उर्दूपेक्षा तुमच्या बोलीच्या जास्त जवळची होती. अम्मी ऐकत राहिल्या. मग आम्ही म्हणालो की दोन वर्षांपूर्वी पाहुण्यांसमोर आम्ही तुम्हाला टोकले, ते चुकले. माफ करा.

आम्हाला वाटले होते त्या म्हणतील, कधी, मला तर आठवतही नाही. आई-वडील असेच म्हणतात. अम्मी म्हणाल्या, "याद है मेरेकू." थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. मग त्या हातातल्या नव्या बांगड्या सारख्या करत म्हणाल्या, "मैं समझी, मेरी वजह से बच्ची का रिश्ता बिगड़ींगा. इस वास्ते चुप बैठती थी."

दोन वर्षे त्या घरात गप्प राहिल्या त्या रागाने नव्हे, आमची लाज राखण्यासाठी. हे ऐकून आमच्या डोळ्यांत पाणी आले ते लपवता आले नाही. अम्मींनीच विषय बदलला. "चलो, चाय पिलाओ अब," त्या म्हणाल्या. धाकट्याच्या वहीत त्या दिवशी बिस्किटांचा आकडा सर्वांत मोठा आहे.

परत आल्यावर शाळेत आम्ही एक लहानसा बदल केला आहे. पुस्तकी उर्दू आम्ही पूर्वीसारखीच शिकवतो; परीक्षा तिच्यात आहे, पुढचे शिक्षण तिच्यात आहे, ती यायलाच हवी. पण मुलाने 'नक्को' लिहिले की लाल शाईने 'गलत' लिहीत नाही. समासात लिहितो, 'घराची बोली', आणि पुढे पुस्तकी शब्द. हा फरक कागदावर दोन शब्दांचाच आहे. पण ते मूल घरी जाऊन आपल्या आजीला काय सांगेल, ते त्या दोन शब्दांवर ठरते.

कुरआन शरीफच्या सूरह रूममध्ये माणसांच्या भाषांचे आणि रंगांचे वेगळेपण अल्लाहच्या निशाण्यांमध्ये गणले आहे. ही आयत आम्ही कितीदा तिलावत केली असेल. तिचा अर्थ घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडच्या बोलीलाही लागू होतो, हे कळायला आम्हाला हैदराबादपर्यंत जावे लागले. वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्या घरी दक्खिनी असेल, कोकणी असेल, खानदेशी वळणाची बोली असेल. ती बोलणारे कोणी पाहुण्यांसमोर गप्प तर होत नाही ना, एवढे एकदा पाहा. आणि जमले तर त्यांना घेऊन चार दिवस कुठेतरी सावकाश हिंडून या.

मागच्या आठवड्यात आमच्याकडे पाहुणे आले होते. अम्मी बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या, हातात तांबड्या बांगड्या. मिठाई पुढे आली. त्या म्हणाल्या, "नक्को, शक्कर की बीमारी है." मग धाकट्याकडे वळून, "चाय होना मेरेकू. उस्मानिया बिस्किट बचे क्या?"

एकच बचावले होते. ते त्यांनाच दिले.